‘काढून परत टाक’ने भागत नाही

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची लॅब असो की हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीचा सातवा मजला, प्लगइन बसलं नाही की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘काढून परत टाक.’ तेवढ्याने भागलं नाही तर ‘रिस्टार्ट मार’, आणि तेही फसलं तर शेवटचं ब्रह्मास्त्र, ‘फॉरमॅट मार’. नेमकं काय बिघडलंय हे सल्ला देणाऱ्याला ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही. पडद्यावर मात्र पाच-सात ओळींचा एक निरोप उघडा पडलेला असतो. बिघाड कुठे आहे हे बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. तो न वाचताच ‘ओके’वर क्लिक होतं.

ही बाब किरकोळ समजली जाते, आणि खरी अडचण तिथेच आहे. प्रोग्रॅमिंग शिकायला आलेल्या मुलाची पहिली झटापट प्रोग्रॅमशी होतच नाही. ती होते तो लिहिण्याच्या साधनाशी. दोन दुपारी त्यात गेल्या की ‘हे आपलं काम नव्हे’ असं वाटायला वेळ लागत नाही. त्याला कोणी सांगत नाही, की पडद्यावरचा निरोप वाचणं हाच या धंद्यातला पहिला धडा आहे आणि परत टाकत बसणं हा तो धडा चुकवण्याचा राजमार्ग.

एक्लिप्स या अशाच एका साधनाचं उदाहरण पाहा. आयबीएमने २००१च्या नोव्हेंबरमध्ये हे साधन सर्वांसाठी खुलं केलं. गाभा लहान ठेवायचा आणि बाकी सगळं प्लगइनच्या रूपाने जोडायचं, ही त्याची मूळ कल्पना. जावा लिहिण्याची सोयसुद्धा त्यात प्लगइनच आहे. २००४च्या ३.० आवृत्तीपासून या जोडणीला ओएसजीआय या मानकाचा आधार मिळाला. २००८च्या जूनमध्ये ‘गॅनिमिड’ आवृत्ती आली (त्या काळी आवृत्त्यांना गुरूच्या चंद्रांची नावं देण्याची हौस होती) आणि तिच्यासोबत ‘पी-टू’ नावाचा नवा कारभारी आला. एखादं प्लगइन मागितलं की हा कारभारी त्याला काय काय लागतं याची यादी काढतो, त्या यादीतल्या प्रत्येकाला पुन्हा काय लागतं तेही पाहतो आणि सगळ्यांच्या अटी एकाच वेळी जुळतात का ते तपासतो. यासाठी त्याच्या पोटात ‘सॅट-फोर-जे’ हे तर्कशास्त्रातली कोडी सोडवणारं यंत्रच बसवलेलं आहे. म्हणजे ‘इन्स्टॉल’चं बटण दाबणारा प्रत्येक जण नकळत एक गणिती कोडं घालत असतो, आणि काही कोड्यांना उत्तर नसतं.

उत्तर नसलं की निरोप येतो. पहिली ओळ सांगते, की इन्स्टॉल पूर्ण करता येत नाही, कारण लागणाऱ्या एक वा अनेक गोष्टी सापडल्या नाहीत. बहुतेकांचं वाचन इथेच संपतं. पण खरा मजकूर खाली ‘मिसिंग रिक्वायरमेंट’पासून सुरू होतो. तिथे एका भागाचं नाव असतं आणि त्यापुढे कंसात दोन आकडे. समजा तिथे ३.११.० आणि ४.०.० हे आकडे आहेत. आधी चौकोनी कंस आणि शेवटी गोल. अकरावी-बारावीच्या गणितात वापरतात तीच ही खूण : चौकोनी कंसाच्या बाजूचा आकडा चालतो, गोल कंसाच्या बाजूचा चालत नाही. अर्थ एवढाच, की या भागाची ३.११ किंवा त्यापुढची, पण ४.०च्या आतली आवृत्ती हवी आहे. तुमचं एक्लिप्स जुनं असेल तर तो भाग ३.८वर अडकलेला असणार. आता ते प्लगइन दहा वेळा काढा आणि दहा वेळा टाका, ३.८ काही ३.११ होणार नाही. एक तर एक्लिप्स नवं घ्यावं लागेल, नाही तर प्लगइनची जुनी आवृत्ती शोधावी लागेल.

कधी कधी उपाय याहूनही सोपा असतो. इन्स्टॉलच्या त्याच खिडकीत तळाशी एक चौकट असते : लागणाऱ्या वस्तूंसाठी बाकीच्या सगळ्या अपडेट साइट्सनाही विचारून पाहा. तिथली खूण काढली की काम भराभर होतं, असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. भराभर होतं हे खरं. पण हवा असलेला भाग नेमका दुसऱ्या साइटवर असला की कारभारी तिकडे फिरकतच नाही आणि ‘सापडलं नाही’ म्हणून मोकळा होतो.

जावाच्या आवृत्तीचं दुखणंही असंच. ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ असा निरोप येतो, त्यात ६१ आणि ५५ असे दोन आकडे असतात आणि वाचणारा गांगरतो. पण हिशोब तोंडी करता येतो : आकड्यातून ४४ वजा करायचे. ६१ म्हणजे जावा १७, ५५ म्हणजे जावा ११. प्लगइन सतरासाठी बांधलेलं आहे आणि यंत्रावर अकरा आहे, इतकीच गोष्ट. एक्लिप्सने स्वतः २०२०च्या सप्टेंबरातल्या आवृत्तीपासून जावा ११ची आणि २०२२च्या सप्टेंबरातल्या आवृत्तीपासून जावा १७ची अट घातली. त्यामुळे एकाच लॅबमधल्या शेजारच्या दोन यंत्रांवर, एकाच दिवशी, एकच प्लगइन एकीकडे बसतं आणि दुसरीकडे बसत नाही. त्यात गूढ असं काही नसतं.

गुपचूप फसणारी प्लगइन मात्र खरोखर डोकं खातात. एक्लिप्सच्या ‘ड्रॉपइन्स’ फोल्डरमध्ये फाइल नुसती नेऊन टाकली, तर अटी जुळल्यास ते प्लगइन उचललं जातं. न जुळल्यास सरळ वगळलं जातं. खिडकी उघडत नाही, निरोप येत नाही, मेनूत नवं नाव फक्त दिसत नाही. अशा वेळी वर्कस्पेसच्या ‘मेटाडेटा’ या लपलेल्या फोल्डरातली लॉग फाइल उघडावी लागते. लॉग वाचायचीही एक रीत आहे. जावाचं रडगाणं लांबलचक असतं, वरच्या ओळी मोघम असतात. मूळ कारण बहुधा सगळ्यात खालच्या ‘कॉज्ड बाय’शी सापडतं. म्हणून वाचायला सुरुवात खालून करावी. ही एवढी गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगितली, तर शिक्षकांच्या टेबलाभोवतीची गर्दी निम्मी होईल.

परत टाकणं फसतं त्याचं आणखी एक कारण : आपण जे काढतो ते निघालेलंच नसतं. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हे प्रोग्रॅम लिहिण्याचं दुसरं साधन काढून टाकलं, तरी त्याची एक्स्टेन्शन (म्हणजे प्लगइनच) वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरात, टिंबाने सुरू होणाऱ्या नावाच्या कप्प्यात तशीच राहतात. नवं बसवलं की ते त्याच कप्प्यातून जुना संसार उचलतं, बिघाडासकट. जावाच्या प्रकल्पाला लागणारे भाग आणून देणाऱ्या मेव्हनची तर आणखी मजा. एखादी वस्तू डाउनलोड करताना नेट गेलं, तर ‘ही मिळाली नाही’ अशी नोंद तो आपल्या ‘एम-टू’ नावाच्या कोठारात ‘लास्ट-अपडेटेड’ शेपटीच्या फाइलमध्ये करून ठेवतो. पाच मिनिटांनी नेट आलं, तरी तो दारात जात नाही. नोंद वाचतो आणि तेच रडगाणं पुन्हा गातो. ‘वजा कॅपिटल यू’ हा पर्याय देऊन त्याला बजावावं लागतं, की बाबा रे, पुन्हा एकदा विचारून ये. एक्लिप्स काढून परत टाकल्याने या नोंदीला धक्काही लागत नाही. फॉरमॅट मारल्यावर मात्र सगळं चालू होतं, कारण ते कोठारच पुसलं जातं. आणि मग ‘बघ, म्हटलं नव्हतं फॉरमॅट मार?’ असं म्हणणाऱ्याची कॉलर ताठ होते. यातून शिकलं काय, हे विचारायची सोय उरत नाही.

परत टाकणं नुसतं निरुपयोगी नसतं, ते नुकसानही करतं. याचं ठळक उदाहरण प्रोग्रॅमरांच्या साधनातलं नाही, ब्राउझरमधलं आहे. पण दुखणं तेच. २०१९च्या मे महिन्यात, ३ आणि ४ तारखेच्या दरम्यान, जगभरातल्या फायरफॉक्सची अॅड-ऑन एकाएकी बंद पडली. कोणाच्याही यंत्रात बिघाड नव्हता. अॅड-ऑनवर मारलेली सही ज्या मधल्या सर्टिफिकेटच्या जोरावर खरी ठरते, त्याचीच मुदत संपली होती. टॉर ब्राउझरमधलं ‘नोस्क्रिप्ट’ हे संरक्षक अॅड-ऑनही त्यात बंद पडलं, म्हणजे ज्यांना सुरक्षिततेची सर्वांत जास्त गरज होती त्यांचंच कवच गळालं. मोझिलाने दुरुस्ती हाती घेतली आणि वापरकर्त्यांना आवर्जून बजावलं, की अॅड-ऑन काढून परत टाकू नका. काढलंत तर त्यात साठवलेली माहितीही जाईल. दोन-तीन दिवसांत नवी आवृत्ती आली आणि जे हातावर हात ठेवून बसले होते त्यांचं सगळं जागच्या जागी परत आलं. ज्यांनी घाईने ‘काढून परत टाक’चा प्रयोग केला, त्यांना परत टाकताही येईना, कारण नव्या अॅड-ऑनचीही सही तपासली जात होती.

सर्टिफिकेटचा हा विषय आपल्याकडच्या कंपन्यांत आणि कॉलेजांत रोज निघतो, फक्त त्याला त्या नावाने कोणी ओळखत नाही. तक्रार ठरावीक असते : ‘ब्राउझरमध्ये साइट उघडते, पण एक्लिप्समध्ये नेट चालत नाही.’ नेट चालत असतं. होतं असं, की संस्थेच्या दारावर बसवलेली सुरक्षा यंत्रणा बाहेरून आलेला सुरक्षित मजकूर उघडून तपासते आणि त्यावर स्वतःची सही मारून आत पाठवते. ही सही ग्राह्य धरा, असं आयटी विभागाने विंडोजला सांगून ठेवलेलं असतं, म्हणून ब्राउझर गप्प बसतो. जावा मात्र विंडोजला विचारत नाही. विश्वासू सह्यांची त्याची स्वतःची पेटी असते, ‘सीए-सर्ट्‌स’ नावाची. त्या पेटीत संस्थेची सही नसते. मग ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ असा भीतिदायक निरोप येतो. संस्थेचं सर्टिफिकेट त्या पेटीत टाकलं की प्रश्न मिटतो. (पेटीचा मूळ पासवर्डच ‘चेंज-इट’ असा आहे आणि तो बदलणारे विरळा.)

पण पसरलेला उपाय हा नव्हे. सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून टाका, हा सल्ला जास्त लोकप्रिय आहे, कारण तो एका ओळीचा आहे. व्हिज्युअल स्टुडिओ कोडच्या सेटिंगमध्ये एका जागी ‘फॉल्स’ लिहिलं की झालं. काम होतं, सगळे खूश, आणि ते ‘फॉल्स’ मग वर्षानुवर्षं तिथेच राहतं. प्लगइन म्हणजे आपल्या यंत्रावर आपल्याच अधिकारात चालणारा परका प्रोग्रॅम. तो खरोखर जिथून आला म्हणतो तिथूनच आला का, हे पाहणारा पहारेकरी आपण स्वतःच्या हाताने घरी पाठवलेला असतो. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच. असा सल्ला देणाऱ्या सीनियरला कंपनीने जाब विचारायला हवा.

साधनांचं जग स्थिर राहत नाही आणि आपली लॅब मॅन्युअल राहतात, हा आणखी एक घोळ. गूगलने एक्लिप्ससाठीच्या आपल्या अँड्रॉइड प्लगइनचा आधार २०१५च्या अखेरीस काढून घेतला आणि सगळ्यांना अँड्रॉइड स्टुडिओकडे वळवलं. २०१८च्या जूनमध्ये मेव्हन सेंट्रल या जावाच्या मुख्य कोठाराने जुन्या पद्धतीची सुरक्षित जोडणी बंद केली; जावा ७वर विसंबलेली यंत्रं तिथे अडली. १५ जानेवारी २०२० रोजी त्याच कोठाराने साध्या ‘एचटीटीपी’ पत्त्यावरून माल देणं थांबवलं. जेसेंटर या दुसऱ्या कोठाराच्या मालकांनी २०२१च्या फेब्रुवारीत गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. यातल्या प्रत्येक तारखेनंतर कुठल्या तरी छापील मॅन्युअलमधला, कुठल्या तरी जुन्या व्हिडिओतला एक पत्ता मेला. विद्यार्थी तो अक्षर न् अक्षर बरोबर टाइप करतो आणि स्वतःचंच काही तरी चुकलं असेल असं समजतो.

आणि एक अडचण तर खास आपल्यासारख्यांची. विंडोजवर स्थानिक खातं उघडताना कोणी हौसेने आपलं नाव देवनागरीत लिहिलं, तर त्याचं घरचं फोल्डरही देवनागरी नावाचं होतं. पुढे त्यात अँड्रॉइडचा प्रकल्प मांडला, की अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगइन बिल्डच नाकारतं : मार्गात इंग्रजीबाहेरची अक्षरं आहेत, विंडोजवर हे बहुधा फसेल. तपासणी बंद करण्याचा पर्याय ते स्वतःच सुचवतं, पण तो वापरण्यापेक्षा प्रकल्प थेट ‘सी’ ड्राइव्हवर रोमन नावाच्या फोल्डरात हलवणं शहाणपणाचं. निदान हे प्लगइन कारण स्पष्ट सांगतं, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. मात्र युनिकोड येऊन तीस वर्षं उलटून गेल्यावरही ‘तुझ्या नावाने काम अडेल’ असं मराठी मुलाला ऐकावं लागतं. याची लाज त्या मुलाला वाटण्याचं काहीच कारण नाही, साधन बनवणाऱ्यांना वाटायला हवी.

कारण सगळा दोष न वाचणाऱ्यांचाच, असं म्हणणंही बरोबर नाही. वाचण्याजोगं लिहिलेलंही हवं. मेव्हन सेंट्रलने २०२०मध्ये दार बंद केलं तेव्हा जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला ५०१ क्रमांकासह ‘एचटीटीपीएस रिक्वायर्ड’ असे दोनच शब्द मिळत. कारणही त्यात, उपायही त्यातच. याउलट ‘समथिंग वेंट राँग’ म्हणणाऱ्या खिडक्यांनी जगाचे किती तास खाल्ले असतील, देव जाणे.

नीट लिहिलेल्या तक्रारीला मोठ्या कंपन्याही दाद देतात, हेही दिसलं आहे. व्हिज्युअल स्टुडिओ कोडची १.८६ ही आवृत्ती २०२४च्या सुरुवातीला आली आणि दूरच्या लिनक्स सर्व्हरवर जाऊन काम करणाऱ्यांची वाटच बंद झाली. सर्व्हरवर ‘जी-लिब-सी’ या मूळ लायब्ररीची किमान २.२८ आवृत्ती हवी, अशी नवी अट होती. सेंटओएस ७वर ती २.१७ होती, उबुंटू १८.०४वर २.२७, म्हणजे अवघ्या एका पायरीने हुकलेली. सर्व्हर बदलणं प्रोग्रॅमरच्या हातात नसतं. एडिटर काढून परत टाकणाऱ्यांना तीच नवी आवृत्ती पुन्हा मिळत होती. ज्यांनी लॉग वाचला त्यांना हा आकडा दिसला, त्यांनी तो मायक्रोसॉफ्टपुढे ठेवला, आणि काही दिवसांतच कंपनीने जुन्या सर्व्हरांना इशारा दाखवून का होईना, आणखी काही काळ चालू देणारी दुरुस्ती काढली.

लॉगमध्येही काही सापडलं नाही तर? तेव्हा अंदाज लढवण्यापेक्षा अर्धे-अर्धे करत जावं. समजा बत्तीस एक्स्टेन्शन आहेत आणि त्यांतलं एक खोड काढतं आहे. सोळा बंद करायची. त्रास थांबला तर चोर त्या सोळांत, नाही तर उरलेल्या सोळांत. पाच फेऱ्यांत तो हाती लागतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ या नावाने ही सोय आयती आहे. डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात ‘बायनरी सर्च’वर पाच मार्कांचं उत्तर लिहिणारा विद्यार्थी शेजारच्याच लॅबमध्ये बत्तीस एक्स्टेन्शन एकेक करून काढताना दिसतो. अभ्यासक्रमाचा आणि कामाचा काडीमोड झाल्याचा याहून बोलका पुरावा शोधायला नको.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले, ही मोलाची गोष्ट. पण असे धडे स्वाभाविकच सगळं सुरळीत चाललेल्या वाटेने जातात. बिघडलेल्या वाटेचे धडे कोणी तरी करायला हवेत. विद्यापीठांनाही यासाठी नवा विषय काढावा लागणार नाही. एका प्रॅक्टिकलची जागा पुरे. शिक्षकांनी आदल्या दिवशी मुद्दाम मोडतोड करून ठेवावी : एका यंत्रावर जावाची चुकीची आवृत्ती, दुसऱ्यावर प्रॉक्सीचा चुकीचा पोर्ट, तिसऱ्यावर मेव्हनच्या कोठारात अपयशाची शिळी नोंद. विद्यार्थ्याने दुरुस्ती करावीच, पण मार्क मिळावेत ते जर्नलमध्ये लॉगची नेमकी ओळ उतरवून तिचा अर्थ लिहिल्याबद्दल. आणि व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘प्लगइनची व्याख्या सांग’ म्हणण्याऐवजी दीडशे ओळींचा एक लॉग समोर ठेवावा आणि यातलं शेवटचं ‘कॉज्ड बाय’ कुठे आहे ते विचारावं.